दाजी धुरीच्या शेळ्या

कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. कसालच्या तिठ्यावर मी एकतीस वर्षं लोकांचे अर्ज भरून देतोय, आधी टाइपरायटरवर आणि आता कॉम्प्युटरवर, पण त्या रकान्यात खरं कारण लिहिल्याचं मला फारसं आठवत नाही. लग्नासाठी काढलेलं कर्ज कागदावर 'विहीर दुरुस्ती' होतं, मोटरसायकलसाठी काढलेलं 'आजारपण'. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. साध्या अर्जाचे वीस रुपये, कर्जाच्या अर्जाचे पन्नास, झेरॉक्सचे वेगळे. गावात मला भाई म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लोक येतात, कारण बँकेच्या अर्जातलं मराठी दुसऱ्या कोणाला कळत नाही.

माझ्या गिऱ्हाइकांतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निलाजरा म्हणजे दाजी धुरी.

दाजी आमच्याच गावचा, कसालपासून सहा-सात किलोमीटर आत. शेजारच्या हायस्कुलात शिपाई होता. नोकरी शिपायाची, पण अंगात कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही. नवीन आलेला पालक हमखास त्यालाच हेडमास्तर समजून नमस्कार करायचा आणि दाजी तो घ्यायचाही. आवाज असा दांडगा की एकदा शाळेची घंटा चोरीला गेली, तेव्हा आठवडाभर दाजीनं नुसतं ओरडून शाळा भरवली आणि सोडली. हेडमास्तरांना म्हणे नवी घंटा आणायची घाई उरली नव्हती.

या आवाजाचा खरा थाट देवळात. आमच्याकडे काही चांगलंवाईट झालं की देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव नारळ ठेवून एकेक ओळ म्हणतो आणि जमलेली माणसं प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. दाजीचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचा आणि सगळ्यांच्या नंतर संपायचा. गुरव काय बोलतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. तो हात जोडून, मान किंचित तिरपी करून, कोण कोण आलंय आणि कोण आपल्याकडे बघतंय ते बघत उभा राहायचा. एकदा बाबली गुरव गाऱ्हाण्याच्या मध्येच म्हणाला, "रे, तो पंखो बंद करा, समई इजता." दाजी खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा." गाव अजून हसतं. दाजीही हसतो, कारण आपलं नाव निघालं एवढंच त्याला पुरतं.

नाव निघावं, या एका हौसेपायी या माणसानं आयुष्यभर कर्ज काढलं. पगार वाईट नव्हता. व्यसन नव्हतं, घरात कोणाचं मोठं दुखणं नव्हतं, एकुलती मुलगी स्वप्ना, ती लग्न होऊन कणकवलीला. असली काही अडचण असती तर मला त्याची कीव आली असती. पहिलं कर्ज शाळेतल्या सेवकांच्या पतपेढीचं, कारण 'घरदुरुस्ती'. घराचं एक कौल हललं नाही. त्या पैशांत दाजीनं देवळासमोर दशावतारी नाटक घातलं, माइकवरून 'श्रीयुत दाजी धुरी यांजकडून' एवढं ऐकायला मिळावं म्हणून. वर राजाचं सोंग घेतलेल्या नटाला पाचशे रुपये बक्षीस दिलं. ते पाचशे त्याच दुपारी दाजीनं माझ्या गल्ल्यातून उसने नेले होते.

दुसरं कर्ज पहिल्याचे हप्ते तुंबले म्हणून काढलं आणि तिसरं दुसऱ्याचे तुंबले म्हणून. मग त्याच्या बायकोच्या, यशोदेच्या, पाटल्या तारण गेल्या. मग फोनवरचं कुठलंसं ॲप आलं. तिथला हप्ता चुकला तेव्हा त्या लोकांनी दाजीच्या फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना फोन लावले. मला आला, हेडमास्तरांना आला, मासळीवाल्या बाईला आला. दुसरा कोणी चार दिवस घराबाहेर पडला नसता. दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात येऊन मला म्हणतो, "बघलंस भाई? थेट दिल्लीसून फोन. माझा नाव खंयपर्यंत गेला."

तगादा करायला आलेल्या माणसाला परतवायची त्याची एक पद्धत होती. तो त्याला जेवायला बसवायचा. "आधी दोन घास खा, मगे पैशाचा बोलूया," म्हणायचा. पानात बांगड्याचं तिखलं, तळलेली कोळंबी, सोलकढी. मासळी अर्थात उधारीची. अशा जेवणावर मागणाऱ्याची जीभ जड व्हायची आणि तो ढेकर देऊन, पुढची तारीख घेऊन जायचा. मी वेळोवेळी उसने दिलेल्या माझ्या साडेबारा हजारांसाठी तीनदा गेलो आणि तीनदा जेवून आलो. चौथ्यांदा मी पैशांसाठी गेलो की तिखल्यासाठी, याबद्दल मलाच संशय आहे. वाढायला यशोदा असायची. ती मान वर करून कोणाकडे बघत नसे. त्या तिखल्यातला मसाला तिनं स्वतः भाजून कुटलेला, आणि तसला मसाला मी तालुक्यात दुसरीकडे खाल्लेला नाही.

आता शेळ्यांचं सांगतो.

आमच्या गावात दहा बायकांचा बचत गट आहे. यशोदा त्याची खजिनदार. शिकलेली सातवीपर्यंत, पण दहाजणींचा हिशोब तोंडपाठ. गटाच्या नावावर बँक कर्ज देते, आणि एकीनं थकवलं तर दहाहीजणींचं अडतं. साडेतीन वर्षांपूर्वी दाजी यशोदेला घेऊन माझ्या दुकानात आला. कर्ज तिच्या नावावर, गटातून, ऐंशी हजार.

"कारण काय लिवू?" मी विचारलं.

"शेळीपालन घाल. शेळीपालनाक बँकवाले नाय म्हणनत नाय."

यशोदा पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे गोठो खंय आसा?"

"गोठो मगे बांदूया," दाजी म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. मग मी लिहिलं, 'दहा शेळ्या व एक बोकड'. बोकड दाजीनं सांगितला नव्हता, तो मी माझ्या मनानं घातला, अर्ज पक्का दिसावा म्हणून. यशोदेनं एकेक अक्षर लावत सही केली. माझे पन्नास रुपये दाजीनं तिच्याच पिशवीतून काढून दिले.

त्या ऐंशी हजारांतले तीस पतपेढीच्या तुंबलेल्या हप्त्यांत गेले. बाकीच्यांत परत नाटक झालं, आणि त्या वर्षीच्या पत्रिकेवर दाजीचं नाव सरपंचांच्या वर छापलं गेलं. पुढे बँकेचा साहेब शेळ्या बघायला येणार असं कळलं, तेव्हा बाबली गुरवाच्या बायकोच्या, नर्मदेच्या, तीन शेळ्या तासाभरासाठी दाजीच्या मांगराला, म्हणजे लाकडं-गवत ठेवायच्या खोपटाला, बांधल्या. त्या सारख्या आपल्या घराकडे तोंड करून ओरडत होत्या. साहेबानं विचारलं, बाकीच्या कुठे? दाजी एकदम शाळेतल्या भाषेत शिरला. "साहेब, उर्वरित शेळ्या चरावयास गेलेल्या आहेत." साहेबही जेवून गेला.

दाजीनं त्यानंतर त्या कर्जाचं नाव घेतलं नाही. त्याच्या लेखी ते फिटलंच होतं, कारण कागद बायकोच्या नावावर होता. यशोदा सकाळी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची. दुपारी घरी येऊन मिरच्या वाळत घालायच्या, धणे भाजायचे, मसाला कुटायचा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून आठवडी बाजारात बसायचं. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं जायची आणि त्याच बोटांनी ती मिरची हाताळायची. महिन्याच्या बैठकीला हप्ता द्यायला ती एकदाही चुकली नाही. कधीकधी बैठकीच्या आदल्या दिवशी दाजी त्यातलेच पाचशे-सातशे 'वायच होये', थोडे हवेत, म्हणून उचलायचा आणि ती शेजारी मागून ते भरून काढायची. हे मला दिसत होतं. दाजीचं तोंड बघायचा मला कंटाळा येई, पण तो आला की मी चहा मागवायचो, हेही खरं.

गेल्या वर्षी गटानं मसाल्याची गिरण टाकायचं ठरवलं. मसाला यशोदेचा, जागा नर्मदेच्या घरामागच्या परड्यातली, पत्रे घालून शेडही उभी राहिली. यंदा बँकेनं सहा लाख द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. गटातली जुनी बाकी महिनाअखेरपर्यंत शून्य व्हायला हवी, नाहीतर प्रकरण रद्द. नऊजणींची बाकी शून्य होती. दहावीची, खजिनदाराची, बावन्न हजार. शेळ्यांचे.

नर्मदा भर बैठकीत यशोदेला म्हणाली, "तुझ्या घोवान आमका सगळ्यांक बुडयल्यान. माझ्या शेळयो मी दिलंय, ती माझीच चूक." यशोदेनं हिशोबाची वही मिटली. गटातून नाव काढायची वेळ आली तर गिरण तर जाणारच, पण काजूच्या कारखान्यात त्याच बायकांच्या रांगेत तिला रोज बसायचं होतं.

आणि नेमके त्याच महिन्यात दाजीचे निवृत्तीचे पैसे आले. नऊ लाख.

पैसे जमा झाले त्या दिवशी दाजी माझ्या दुकानात आला, तो एका जुन्या मोटारीचे फोटो घेऊन. पांढरी, सात माणसं बसणारी. फोटो लॅमिनेट करून हवा होता. गाडी अजून घेतलेली नव्हती.

"यशोदेचे बावन हजार?" मी विचारलं.

"देतलंय रे. मी काय पळान जातंय? पैसे इले म्हणान लगेच वाटीत सुटलंय तर लोक म्हणतले, धुऱ्याक घाई झाली."

"महिनो संपाक आठ दिवस आसत, दाजी."

"बँक काय बंद पडता?"

"आणि माझे साडेबारा?"

"तू घरचो माणूस," दाजी म्हणाला. मग खुर्ची ओढून घेऊन त्यानं मला समजावून सांगितलं. "भाई, कर्ज कोणाक मिळता? जेच्यार लोकांचो विश्वास आसा तेका. तुका कोण देतलो? माझ्यार अर्ध्या तालुक्याचो विश्वास आसा."

त्या क्षणी मला त्याची इतकी किळस आली की हातातला स्टेपलर फेकून मारावा असं वाटलं. मी फोटो लॅमिनेट करून दिला आणि तीस रुपये घेतले.

निवृत्तीचे पैसे मिळाले म्हणून दाजीनं रविवारी सकाळी देवळात गाऱ्हाणं ठेवलं. साधं नव्हे. घरोघर फिरून सांगणं केलं, पोराटोरांना चहा-भजी, माइक. ज्याचं ज्याचं देणं होतं त्या सगळ्यांना त्यानं आवर्जून बोलावलं होतं. नऊ लाखांचा माणूस कसा दिसतो ते त्यांना दाखवायचं असणार. सभामंडप भरला. मागच्या बाजूला गटाच्या बायका उभ्या होत्या, यशोदा कडेला खांबापाशी.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते मला नंतर नर्मदेकडून कळलं. यशोदा बाबली गुरवाकडे गेली होती. गाऱ्हाण्यातल्या ओळीबद्दल दोन वाक्यं बोलली. "बाबल्या, माझी वळ मदी घाल. शेवटाक घालशीत तर ह्येंचा लक्ष आसतला, नारळ फोडूचो आसता." बाबलीनं नर्मदेकडे बघितलं, नर्मदेनं बाबलीकडे.

बाबलीनं नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज हो धुऱ्यांचो दाजी नारळ घेवन तुझ्या पायाकडे उबो आसा."

"व्हय म्हाराजा." दाजीचा आवाज माइकशिवाय शेतापलीकडे जाईल असा.

"छत्तीस वर्सां तेना चाकरी केल्यान, तेच्यात काय उणाअधिक झाला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"आज तेका जी लक्ष्मी गावली, ती तुझ्या किरपेन गावली."

"व्हय म्हाराजा." दाजी मान तिरपी करून पतपेढीच्या चेअरमनकडे बघत होता.

"त्या लक्ष्मीतसून बायलेच्या नावाचा बचत गटाचा बावन हजाराचा देणा तो उद्या सोमवारी पयलाच फेडतलो, असो तो तुका शब्द देता."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांच्या आधी सुरू झाला आणि सगळ्यांच्या नंतर संपला. खरं तर सगळे असे नव्हतेच. ओळ ऐकून बाकीचे गप्प झाले होते, त्यामुळे देवळात दाजीचा एकट्याचाच आवाज घुमला, माइकमधून परत आला आणि बाहेर भजी तळणाऱ्यालाही ऐकू गेला. मग दाजीला शब्द कळले. त्याचं तोंड उघडं तसंच राहिलं.

बाबली थांबला नाही. "दिलेल्या शब्दार उबो रवाची तेका बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा." हा होकार मागून आला, बायकांचा. दाजीचा त्यात नव्हता.

सोमवारी दहा वाजता दाजी बँकेत होता. आता कोणी म्हणेल, देवाला घाबरला. देवाला घाबरणारा माणूस दुपारी पाचशे उसने आणून देवळासमोर बक्षीस देत नाही. त्यानं एकच बघितलं, की सगळ्या गावानं ऐकलंय आणि बावन्न हजार न भरता पुढच्या वेळी देवळात उभं राहिलो तर लोक हसतील, आणि या खेपेचं हसणं त्याला परवडणारं नव्हतं. पैसे भरून तो थेट माझ्याकडे आला आणि पावतीच्या चार झेरॉक्स काढून घेतल्या. "माझा आधीसूनच ठरललां," म्हणाला. संध्याकाळपर्यंत एक प्रत वाण्याच्या दुकानात लागली होती.

त्यानंतर आठवडाभर बाबली गुरवाच्या दारात रीघ लागली. पतपेढीचा माणूस, मासळीवाली, टेम्पोवाला. पुढच्या गाऱ्हाण्यात आपली ओळ घाल म्हणून. मीही नारळ घेऊन गेलो. बाबलीनं नारळ घेतला आणि म्हणाला, "भाईनू, देव तुमचो वसुली साहेब नाय." माझे साडेबारा हजार अजून तसेच आहेत. आणि काही उपयोगही नव्हता, कारण दाजी हल्ली गाऱ्हाण्याला तोंड मिटून उभा राहतो. ओळ संपली की क्षणभर विचार करतो, आजूबाजूचे म्हणाले की मग ओठ हलवतो. गावात इतकं कान देऊन गाऱ्हाणं ऐकणारा दुसरा माणूस नाही.

गाडी त्यानं घेतलीच. रोख देता आली असती, तरी अर्धे पैसे कर्जाचे. अर्ज घेऊन माझ्याकडे आला, मी भरून दिला. कारण लिहिलं, 'प्रवासी वाहतूक व्यवसाय'. गाडी मांगरासमोर उभी असते, जिथे नर्मदेच्या शेळ्या बांधल्या होत्या तिथे. दाजी रविवारी तिच्यात बसून पेपर वाचतो.

गाडीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात यशोदा दुकानात आली. एकटी. बँकेनं गिरणीसाठी गटाचा अर्ज नव्यानं मागितला होता आणि खजिनदार म्हणून तो तिनं आणला होता. बाकड्यावर न बसता ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बोटांची सालं तशीच निघालेली होती. मी नाव, पत्ता, गटाचा नंबर भरला आणि त्या रकान्यापाशी आलो.

"कारण 'महिला सक्षमीकरण व पूरक उद्योग' असा कायतरी घालूया," मी म्हणालो. "लवकर मंजूर होता."

"मसाल्याची गिरण," ती म्हणाली. "जा आसा ता लिवा, भाईनू."

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी इतक्या वेळा तिच्या हातचं जेवलो, पण तिनं माझ्याकडे सरळ बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"गेल्या टायमाक तुमी धा शेळयो लिवल्यात," ती म्हणाली. "तेंका मी साडेतीन वर्सां चारो घातलंय."

मी खाली मान घालून 'मसाला गिरणी' एवढंच लिहिलं आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिनं तो घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि पन्नासची नोट स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवली. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"बोकडाक पण," ती म्हणाली.